रिकामी दिसणारी डिस्क: डबलस्पेसमधून अण्णांच्या ओव्या कशा बाहेर काढल्या

अण्णांच्या जुन्या ४८६ कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मी तासगावहून सांगलीला आणली आणि एका दुकानात दाखवली. तिथल्या मुलानं ती त्याच्याकडच्या जुन्या मशीनला लावली, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, ह्यात काहीच नाही. सिस्टीमच्या चार-सहा फायली आहेत आणि एक मोठी फाइल आहे, ती उघडत नाही. फॉरमॅट मारून देऊ का?"

मी डिस्क परत पिशवीत घातली आणि घरी आले. ती न उघडणारी मोठी फाइल म्हणजेच आख्खी डिस्क होती. आजी, मावश्या, शेजारच्या काकू, घाटावरच्या म्हाताऱ्या बायका यांच्याकडून अण्णांनी दोन वर्षं बसून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या एका फायलीत होत्या. फॉरमॅटला "हो" म्हटलं असतं तर त्या तिथंच संपल्या असत्या.

ज्यांच्या घरी माळ्यावर १९९३ ते १९९९ च्या दरम्यानचा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून पडलाय, त्यांच्यासाठी मी हे सविस्तर लिहितेय. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी बावीस वर्षं काम करतेय, तरी ह्या एका डिस्कनं मला तीन आठवडे गुंतवून ठेवलं. तुमचं काम दोन दिवसांत व्हावं.

आत नक्की काय असतं

१९९४ साली अण्णांनी मशीन घेतलं तेव्हा त्यात १३० एमबीची डिस्क होती. विंडोज ३.१, टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि दादाचे दोन गेम एवढ्यातच ती भरत आली. मोठी डिस्क घ्यायची तर पैसे नव्हते. त्या काळात ह्या अडचणीवर दोन उपाय होते. एक म्हणजे स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं स्टॅकर, आणि दुसरा म्हणजे मार्च १९९३ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस ६.० (विंडोज ३.१ ज्याच्यावर चालायचं ती मूळ सिस्टीम) मधलं डबलस्पेस. पुढं ह्या दोन कंपन्यांत पेटंटवरून कोर्टकचेरी झाली. त्यानंतर आलेल्या डॉस ६.२१ मधून डबलस्पेस काढून टाकलं गेलं आणि १९९४ च्या मध्यात ६.२२ मध्ये ते ड्राइव्हस्पेस या नावानं, आतली पद्धत बदलून परत आलं. हा इतिहास सांगायचं कारण पुढं येईल. कुठल्या डॉसनं डिस्क उघडायची हे त्यावर ठरतं.

डबलस्पेस काय करायचं? तुमची सगळी सी ड्राइव्ह दाबून एकाच लपवलेल्या फायलीत भरायचं. त्या फायलीचं नाव डबलस्पेस डॉट शून्य शून्य शून्य (स्पेलिंग आखूड, 'डीबीएलएसपीएसीई'). ड्राइव्हस्पेस असेल तर 'डीआरव्हीएसपीएसीई' डॉट तीन शून्यं, आणि स्टॅकर असेल तर 'एसटीएसीव्हीओएल' डॉट 'डीएसके'. मशीन चालू झालं की डॉस सगळ्यात आधी एक छोटा ड्रायव्हर मेमरीत घ्यायचं. तो ह्या फायलीलाच "सी" म्हणून पुढं करायचा आणि खरी डिस्क "एच" नावानं मागं ढकलायचा. अण्णांना हे कधी जाणवलंही नाही. त्यांच्या दृष्टीनं एका रात्रीत जागा जवळजवळ दुप्पट झाली होती.

आजचं विंडोज तो ड्रायव्हर ओळखत नाही. एक्सपीसुद्धा ओळखत नव्हतं. म्हणून डिस्क रिकामी दिसते.

दाबून भरायचं म्हणजे काय, हेही थोडं समजून घ्या, कारण नंतर नुकसान किती झालं हे त्यावरूनच कळतं. मजकूर ८ केबीच्या तुकड्यांत घेतला जातो. तुकड्यात एखादा शब्दसमूह पुन्हा आला की तो परत लिहायचा नाही, "मागं अमुक अक्षरांवर आहे तोच इथं" एवढीच खूण करायची. ओव्यांत तर तीच तीच ओळ फिरून फिरून येते, माहेर, जातं, भाऊराया, दळण. त्यामुळं त्या फायली फार छान दबल्या होत्या. डॉस ६ मध्ये डीआयआर कमांडला स्लॅश सी जोडलं की प्रत्येक फायलीपुढं हे प्रमाण दिसतं. आमच्या ओव्यांच्या फायलींपुढं २.६ ला १.० असं यायचं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. डिलीट झालेल्या फायली शोधून देणारी जी सॉफ्टवेअर मिळतात, ती अशा डिस्कवर थेट चालवून उपयोग नाही. ती कच्च्या डिस्कवर ओळखीच्या खुणा शोधतात आणि इथं कच्च्या डिस्कवर सगळं दाबलेलं असतं. मीही पहिल्या आठवड्यात हाच उद्योग केला. रात्रभर शोध चालवला आणि सकाळी हाताला दोन-चार मोडकी चित्रं लागली. आधी दाबलेली ड्राइव्ह उघडायची, मग त्याच्या आत शोधायचं.

डिस्क हातात आली की

जुना कॉम्प्युटर चालू करून बघायचा मोह होतो. करू नका. पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असतात. शिवाय त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची एक छोटी चार्जिंगची बॅटरी सोल्डर केलेली असते. आमच्या बोर्डावरची फुटून हिरवा चिकट खार आजूबाजूच्या तारांवर पसरला होता. बॅटरी मेली म्हणजे डिस्कची मापंही बोर्ड विसरलेला असतो. डिस्क बाहेर काढा आणि बाकीचं मशीन बाजूला ठेवा.

डिस्कवरच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. त्यावर तीन आकडे असतात: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. आमच्यावर १००१, १५ आणि १७ होते. हे आकडे ह्या सगळ्या कामाची किल्ली आहेत, कागदावर लिहून ठेवा.

आता ही डिस्क जोडायची कशाला? यूएसबीची जी स्वस्त कन्व्हर्टर केबल मिळते ती नंतरच्या, मोठ्या आयडीई (चपट्या केबलनं जोडायच्या) डिस्कला चालते. पण एवढ्या जुन्या छोट्या डिस्कना सेक्टरचा सरळ क्रमांक समजत नाही, त्यांना सिलिंडर-हेड-सेक्टर असा पूर्ण पत्ता लागतो, आणि त्या केबलना तो देता येत नाही. डिस्क फिरते, पण पडद्यावर काही येत नाही, आणि माणूस समजतो की डिस्क मेली. आम्ही भंगारातून पेंटियम ४ चा एक बोर्ड आणला ज्यावर चाळीस पिनांचा आयडीईचा सॉकेट होता. चपट्या केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडं, डिस्कवरचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) मास्टरवर, आणि त्या केबलला दुसरं काहीही लावलेलं नाही. एवढं जमलं की बायोसच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) पडद्यावर डिस्कचं नाव आपोआप आलं. तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी दादाला फोन करून उठवलं.

आवाजाकडं कान द्या. घरघर चालेल. पण "टक… टक… टक" असा एका लयीत आवाज आला तर ताबडतोब बंद करा. तिथून पुढं घरचं काम नाही, स्वच्छ खोलीत डिस्क उघडणाऱ्या लोकांकडंच ती न्यावी लागते. डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आपल्याकडच्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, थंड धातूवर लगेच दव धरतं आणि तेच आतल्या तबकडीवर बसतं.

ह्या बोर्डावर विंडोज लावू नका. विंडोज डिस्क दिसताक्षणी त्यावर स्वतःचं काहीतरी लिहून ठेवतं, नाहीतर "डिस्कमध्ये चुका आहेत, दुरुस्त करू का" असं विचारतं. त्याला हो म्हटलं तर ती मोठी फाइलच कापली जाण्याचा धोका असतो. लिनक्सची लाइव्ह सीडी (काही न बसवता सीडीवरूनच चालणारी) वापरा, आणि डिस्क माउंटसुद्धा करू नका, म्हणजे आतल्या फायली बघायला ती उघडूही नका.

आधी प्रत, मग बाकी सगळं

प्रत काढायला डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. साध्या कॉपीपेक्षा ते वेगळं असं, की वाचता न येणारी जागा आली की ते तिथं अडून बसत नाही. ती नोंदून पुढं जातं, आधी सोपं सगळं उचलतं आणि मग अवघड जागांकडं परत येतं. पहिल्या फेरीत डॅश एन हा पर्याय द्या, म्हणजे ते अवघड जागा खरवडत बसत नाही. दुसऱ्या फेरीत डॅश आर तीन, म्हणजे राहिलेल्या जागा तीन-तीनदा वाचून बघतं. दोन्ही वेळा नोंदफाइल तीच द्यायची. ती दिली नाही तर दुसरी फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि म्हाताऱ्या डिस्कला दुप्पट पळावं लागतं.

प्रत पूर्ण झाली का हे कसं कळणार? इथं लेबलावरचे आकडे कामाला येतात. १००१ गुणिले १५ गुणिले १७ म्हणजे २,५५,२५५ सेक्टर, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार येतो १३,०६,९०,५६०. प्रतीच्या फायलीचा आकार नेमका एवढाच असला पाहिजे, एक बाइटही कमी-जास्त नाही. आमचा आकार जुळला, पण पाच सेक्टर वाचता आले नव्हते. डिस्क थंड होऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत फेरी लावली, तेव्हा त्यातले दोन आले. तीन गेले ते गेलेच.

आता खरी डिस्क काढून कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. पुढचं सगळं प्रतीवर, आणि तेही प्रतीच्या प्रतीवर. मी मूळ प्रतीला फक्त वाचण्याची परवानगी ठेवली होती आणि रोज सकाळी तिची नवी कॉपी काढून त्यावर काम करायचे. हा शिस्तीचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण दोन वेळा मी स्वतःच्या हातानं कॉपी खराब केली आणि दोन्ही वेळा फक्त पाच मिनिटं वाया गेली.

एक बारीक गोष्ट, जिनं माझा एक आख्खा दिवस खाल्ला. प्रतीतलं पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) लिनक्समध्ये उघडायला ते कितव्या सेक्टरपासून सुरू होतं हे सांगावं लागतं. जिकडंतिकडं ६३ असं लिहिलेलं असतं. ६३ हे नंतरच्या डिस्कचं. डॉस पहिला ट्रॅक सोडून दुसऱ्यापासून सुरुवात करतं, आणि आमच्या डिस्कच्या एका ट्रॅकमध्ये सेक्टरच सतरा. म्हणजे सुरुवात १७ व्या सेक्टरला, बाइटमध्ये ८७०४. तो आकडा दिला, फक्त वाचण्यापुरतं उघडलं आणि लपवलेल्या फायलींसकट यादी समोर आली: डॉसच्या दोन मूळ फायली, डबलस्पेसचा ड्रायव्हर, त्याची आयएनआय फाइल, विंडोजची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची), आणि डबलस्पेस डॉट तीन शून्यं. बाकीच्या सगळ्या मिळून भरतील त्याच्या कितीतरी पट ती एकटी मोठी होती.

तोच जुना कॉम्प्युटर, पडद्याच्या आत

दाबलेली फाइल उघडायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे लिनक्ससाठी लिहिलेलं डीएमएसडॉस. ते डबलस्पेस, ड्राइव्हस्पेस आणि स्टॅकर तिन्ही वाचतं, पण मूळचं ते लिनक्सच्या जुन्या कर्नलसाठी (गाभ्यासाठी) असल्यामुळं आज ते चालतं करणं हेच एक काम होऊन बसतं. ज्यांना कंपाइल करायची सवय आहे त्यांनी तिकडं जावं. मी दुसऱ्या रस्त्यानं गेले आणि बहुतेकांना मी तोच सुचवेन: जुना कॉम्प्युटर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उभा करायचा आणि त्याच्याच डॉसला त्याची ड्राइव्ह उघडू द्यायची.

इम्युलेटर निवडताना बघा की तो खरं डॉस बूट करतो. गेम खेळण्यासाठी जो नेहमीचा डॉसबॉक्स असतो त्यात डॉसची नक्कल असते, तिथं डबलस्पेसचा ड्रायव्हर चालत नाही. मी ८६बॉक्स वापरलं. त्यात ४८६ चा बोर्ड निवडला, हार्ड डिस्क म्हणून आपली प्रत दिली आणि १००१, १५, १७ हे तीन आकडे भरले. आतल्या बायोसमध्येही हेच आकडे टाकले. चालू केलं. मेमरी मोजली गेली आणि "स्टार्टिंग एमएस-डॉस" ही ओळ आली.

ही ओळ आल्या आल्या एफ५ दाबा. कारण अण्णांच्या मशीनमध्ये पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायची ती त्या कार्डामुळं. सुरुवातीच्या फायलींमध्ये त्या कार्डासाठीच्या ओळी होत्या, आणि इम्युलेटरमध्ये कार्ड नाही म्हटल्यावर मशीन त्या ओळींवर थांबून राहायचं. एफ५ नं त्या ओळी वगळल्या जातात. पण कंट्रोल धरून एफ५ दाबू नका! डॉस ६.२ पासून कंट्रोल-एफ५ मुळं डबलस्पेसचा ड्रायव्हरही वगळला जातो, आणि मग तीच ती रिकामी डिस्क. नुसत्या एफ५ नं ड्रायव्हर येतो, कारण तो बाकी सगळ्याच्या आधी चढतो.

मी डीआयआर लिहिलं आणि एंटर दाबलं. डॉस, विंडोज, गेमचे दोन फोल्डर, आणि 'ओव्ही' असं इंग्रजीत लिहिलेला एक फोल्डर. त्याच्यात एक्केचाळीस फायली.

डिस्क स्वतःहून बूट होत नसेल तर डॉस ६.२२ ची बूट फ्लॉपी इमेज वापरा. तिच्यात ड्राइव्हस्पेसचा ड्रायव्हर असतो आणि तो जुन्या डबलस्पेसच्या फायलीही उघडतो. ६.२१ ची घेऊ नका, तिच्यात ड्रायव्हरच नाही. ड्राइव्ह आपोआप उघडली नाही तर ड्राइव्हस्पेस कमांडला स्लॅश माउंट जोडून ड्राइव्हचं अक्षर द्या. डिस्क विंडोज ९५ प्लस किंवा विंडोज ९८ च्या ड्राइव्हस्पेस ३ नं दाबलेली असेल तर कुठलंही डॉस ६ तिला उघडणार नाही, तिथं विंडोज ९८ च बसवावं लागेल. आणि फायलींची नावं विंडोजमध्ये निळ्या अक्षरांत दिसत असतील तर तो प्रकार पूर्ण वेगळा. ते एनटीएफएसचं कॉम्प्रेशन, आजचं विंडोज आणि लिनक्स दोन्ही ते सरळ वाचतात, त्यासाठी यातलं काहीच करायला नको.

फायली बाहेर आणण्यासाठी इम्युलेटरला दुसरी कोरी डिस्क जोडा. आकार ५०० एमबीच्या आत ठेवा, त्या काळच्या बायोसला त्याच्या पुढचं दिसत नाही. एफडिस्क आणि फॉरमॅट करताना अक्षर तीनदा बघा. व्हीओएल कमांडनं ड्राइव्हचं नाव विचारून घ्या, मगच फॉरमॅट. मग एक्सकॉपीला स्लॅश एस आणि स्लॅश ई जोडून सगळं तिकडं घ्या. डॉसची एक्सकॉपी लपवलेल्या फायली सोडून देते, म्हणून आधी अ‍ॅट्रिब कमांडनं लपवलेलं काही आहे का ते बघा. एक्सकॉपीत फायलींची मूळ तारीख आणि वेळ तशीच राहते, ती जपा. इम्युलेटर बंद केल्यावर ती दुसरी डिस्क इमेज सेव्हन-झिपमध्ये उघडते, आणि फायली आजच्या मशीनवर येतात.

माउंट झालीच नाही तर

तीन खराब सेक्टर कुठं पडलेत यावर सगळं अवलंबून असतं. दाबलेल्या फायलीच्या आत एक नोंदवही असते, एमडीएफएटी म्हणतात तिला. कुठला तुकडा कुठं ठेवलाय आणि दबून किती झालाय ते तिच्यात असतं. एका तुकड्याची नोंद चार बाइटची. म्हणजे नोंदवहीचा एक सेक्टर गेला तर १२८ तुकड्यांचे पत्ते जातात, पूर्ण एक एमबी मजकूर. तेच खराब सेक्टर मजकुराच्या भागात पडला तर साधारण एकच तुकडा, ८ केबी जातो. त्यातही खराब जागेच्या आधीचा भाग कधी कधी शाबूत निघतो, कारण प्रत्येक खूण मागच्याच मजकुराकडं बोट दाखवते. पुढचं मात्र कोसळतं.

नोंदवहीत किंवा त्या फायलीच्या ओळखीसाठी मारलेल्या शिक्क्यांत चूक असेल तर डॉस ६.२ पासून मिळणारं स्कॅनडिस्क उपयोगी पडतं. न उघडलेल्या दाबलेल्या फायलीचं पूर्ण नाव दिलं तरी ते तिला तपासतं. पण ते दुरुस्ती करताना लिहितं, आणि त्याच्या मते निरुपयोगी असलेलं कापून टाकतं. म्हणून ते प्रतीच्या प्रतीवरच चालवायचं. आधी जेवढं कॉपी होईल तेवढं घ्या, मग स्कॅनडिस्क चालवा, परत कॉपी करा, आणि दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून ताडून बघा. माझ्या अनुभवात काही फायली दुरुस्तीच्या आधीच जास्त पूर्ण होत्या.

फायली आल्या, अक्षरं कुठं आहेत

मला वाटलं काम झालं. पहिली फाइल इम्युलेटरमध्येच उघडली, तर पडद्यावर चौकटीचे कोपरे, ठोकळे आणि ठिपके. घाबरायला झालं, की दाबलेलं नीट उघडलंच नाही. मग एका ओळीच्या सुरुवातीचे बाइट एकेक करून बघितले. पहिला १७६, दुसरा २१२, तिसरा २२०. डॉसच्या अक्षरांच्या तक्त्यात १७६ म्हणजे फिकट ठिपक्यांचा ठोकळा, २१२ म्हणजे चौकटीचा खालचा डावा कोपरा, २२० म्हणजे अर्धा भरलेला ठोकळा. पण १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी जो इस्की नावाचा प्रमाण कोड ठरला, त्यात १७६ म्हणजे ओ, २१२ म्हणजे व, २२० म्हणजे दीर्घ वेलांटी.

ओवी.

फाइल पूर्ण शाबूत होती. प्रत्येक ओवीच्या आधी अण्णांनी "ओवी" लिहून क्रमांक घातला होता.

इस्की असेल तर युनिकोडमध्ये आणणं सोपं आहे. आयसीयू नावाच्या मोफत युनिकोड सॉफ्टवेअरबरोबर येणारी यूकॉन्व्ह ही कमांड वापरा. डॅश एफ नंतर मूळ कोड म्हणून विंडोज-५७००२ लिहा, तो देवनागरी इस्कीचा क्रमांक, आणि डॅश टी नंतर यूटीएफ-८. एका फायलीला सेकंदसुद्धा लागत नाही. बाइट जुळत नसतील तर पीसीसाठीचा वेगळा इस्की असू शकतो. चौकटीच्या रेषांची जागा मोकळी ठेवण्यासाठी त्यात आकडे हलवलेले असतात, तेव्हा एखादा ठाऊक शब्द शोधून त्यावरून तक्ता बसवावा लागतो. विंडोजमध्ये श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर मजकूर त्या त्या फॉन्टच्या कोडात असतो, त्याला त्या फॉन्टचाच कन्व्हर्टर लागतो. तेव्हा जुन्या डिस्कमधला फॉन्टचा फोल्डरही न विसरता काढून घ्या.

बदल झाल्यावर सगळं वाचून काढा, मशीनवर सोडू नका. विशेषतः "वाऱ्यावर", "दुसऱ्या", "सासऱ्याच्या" असे शब्द. अर्धा र आडवा यायला पाहिजे तिथं काही ठिकाणी रफार होऊन "वार्यावर" झालं होतं. आमच्याकडं अशा दोनशेच्या वर जागा निघाल्या. सरसकट शोधून बदलू नका, कारण "सूर्या" आणि "कार्या" यांचा रफार बरोबर असतो. मी आणि माझ्या मुलीनं चार रविवार बसून एकेक जागा बघितली.

तीन खराब सेक्टरपैकी दोन विंडोजच्या स्वॅप फायलीत पडले होते, तिथं काहीच गेलं नाही. तिसरा ओव्यांच्या एकोणिसाव्या फायलीत. इस्कीत एक अक्षर किंवा एक मात्रा म्हणजे एक बाइट, एक ओवी साधारण शंभर-सव्वाशे बाइटची, म्हणजे त्या ८ केबीत पासष्ट ते ऐंशी ओव्या असणार. सुरुवातीच्या अकरा वाचता आल्या. बाकीच्यांच्या जागी कचरा. फायलीच्या डोक्यावर अण्णांनी लिहून ठेवलं होतं, "सांगणार: धाकटी मावशी, मुक्काम कवठे". मावशी आता ऐंशीच्या पुढं आहे. मी तिला त्या अकरा ओव्या फोनवर वाचून दाखवल्या. अकरावी संपायच्या आत तिनं बारावी उचलली. पुढच्या शनिवारी रेकॉर्डर घेऊन गेले. एकतीस परत मिळाल्या.

फायलींच्या तारखा जपा असं वर म्हटलं त्याचं कारण सांगते. आमच्या एक्केचाळीस फायलींपैकी बहुतेकांवर पहाटे साडेचार ते सहाच्या मधली वेळ आहे. सहाला वीज जायची. पुढं फायली इकडंतिकडं हलवताना ह्या वेळा पुसल्या जातात, म्हणून कॉपी करायच्या आधी सगळ्या फोल्डरांची यादी तारीख-वेळेसकट एका साध्या टेक्स्ट फायलीत काढून घ्या. आमची ती यादी, डिस्कची मूळ प्रत, डीडीरेस्क्यूची नोंदफाइल आणि लेबलाचा फोटो असं सगळं एकत्र तीन ठिकाणी आहे: माझ्याकडं, दादाकडं पुण्याला आणि मावशीच्या नातवाकडं. खरी डिस्क कपाटात आहे. तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, "रिकामी नाही".